न केलेली चूक परत घेण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
रोगकारण व उपचार संशोधन संस्था,
मुख्य इमारत, पहिला मजला.

(मार्फत : आस्थापना अधिकारी, खोली क्र. ९)

अर्जदार : प्रयोगशाळा परिचर, शीतकक्ष क्र. २, हृदयस्नायू विभाग, तळमजला.

विषय : नमुना क्र. नि-१४ संबंधी अर्जदाराने सहा वर्षांपूर्वी लेखी कबूल केलेली चूक मुळात केलेलीच नसल्याने ती परत घेण्यास परवानगी मिळणेबाबत. आणि तोपर्यंत सदर नमुन्याच्या सात नळ्या नष्ट न करणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदारास दिलेले ज्ञापन, सहा वर्षांपूर्वीचे.
२) त्याच दिवशी त्याच टेबलावर लिहून दिलेला अर्जदाराचा कबुलीजबाब.
३) टाकी क्र. १ रिकामी करण्याची सूचना, दि. २ मार्च. नळ्या नष्ट करण्याचा दिवस : सोमवार, दि. १६ मार्च.
४) आस्थापना शाखेची तीन उत्तरे. तिन्ही नकाराची.

महोदय,

खाली सही करणारा अर्जदार आपल्या संस्थेत गेली पंचवीस वर्षे परिचर आहे. पहिली नऊ वर्षे बाटल्या धुण्यात गेली आणि पुढची सोळा शीतकक्षात, द्रव नायट्रोजनच्या टाक्यांपाशी. अर्जदारास संस्थेत पदनामाने कोणी ओळखत नाही. 'थंडोबा कुठे बसतात' असे विचारले की शिपायापासून शास्त्रज्ञापर्यंत सगळे तळमजल्याकडे बोट दाखवतात. हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवले असून त्याबद्दल अर्जदाराची काही तक्रार नाही. अर्जात 'मी' लिहायचे नाही, सगळीकडे 'अर्जदार' लिहायचे, असे आस्थापना शाखेतील वरिष्ठ लिपिकांनी बजावले आहे. सुरुवातीचे दोन अर्ज त्याच कारणाने न वाचताच परत आले होते. या वेळी काळजी घेतली आहे, तरी कुठे पाय घसरलाच तर सांभाळून घ्यावे.

२. आपण या खुर्चीवर आठ महिन्यांपूर्वी आलात, त्यामुळे मूळ प्रकार आपणांस ठाऊक असण्याचे कारण नाही. तो सुरुवातीपासून सांगणे भाग आहे. थोडक्यात लिहा, असा सल्ला सगळ्यांनी दिला. अर्जदाराने थोडक्यात लिहून पाहिले. थोडक्यात लिहिले की उत्तरही थोडक्यातच येते. सबब हा अर्ज लांब झाला आहे, आणि तो टंकलिखित का नाही याचा खुलासा परिच्छेद १२ मध्ये आहे.

३. हृदयस्नायू विभागात ज्या आजारावर काम चालते तो तरुण माणसांना गाठतो. हसतेखेळते माणूस एक दिवस जिना चढताना मधेच खाली बसते. हृदयाचे स्नायू आतल्या आत सैल पडत गेलेले असतात, आणि बाहेर कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो. असे का होते ते शोधण्यासाठी विभागात रुग्णाच्या दंडाची डाळीच्या दाण्याएवढी त्वचा घेतात, तिच्यातल्या पेशी काचेच्या बशीत वाढवतात, आणि मग त्या एका मऊ रबरी पडद्यावर बसवून यंत्राने तो पडदा ताणतात, सोडतात, ताणतात, सोडतात. असे दीड दिवस. निरोगी माणसाच्या पेशी छत्तीस तास पडदा घट्ट धरून राहतात. या आजाराच्या माणसाच्या पेशी विसाव्या-बाविसाव्या तासाला दमतात, पकड सोडतात आणि वर तरंगू लागतात. अर्जदाराचे शिक्षण बेताचे, पण तरंगणारी पेशी ओळखायला फार शिकावे लागत नाही. सूक्ष्मदर्शकात एकदा डोकावले की कळते.

४. आता, तुलनेसाठी निरोगी माणसे लागतात आणि तीच मिळत नाहीत. आजारी माणूस आशेने येतो. निरोगी माणसाला 'जरा कातडीचा तुकडा द्या' म्हटले की त्याला घरी गॅस चालू राहिल्याचे आठवते. म्हणून विभागात जुनी रीत आहे, की माणसे कमी पडली की घरची आणायची. ग्रंथपालांचे भाऊ, शास्त्रज्ञ बाईंचे यजमान, पहारेकऱ्याची सून, असे करत करत निरोगी माणसांच्या, म्हणजे 'नि' क्रमांकांच्या, तेवीस नमुन्यांपैकी चौदा घरचे आहेत. त्यांची एक वहीच आहे, तिला सगळे 'घरची यादी' म्हणतात. बाहेरच्या माणसाची आधी हृदयतपासणी होत असे. घरच्याला नुसते विचारत, 'बरं आहे ना सगळं?' तो म्हणे, 'अगदी.' झाली तपासणी. घरचे माणूस म्हणजे निरोगीच, असे इतकी वर्षे सगळ्यांनी धरून चालले होते, आणि त्यात अर्जदारही आला.

५. नि-१४ ही अर्जदाराची मुलगी. एकुलती एक. त्या वेळी एकोणीस वर्षांची होती. तिच्या तोंडाची टकळी अखंड चालू असे, म्हणून घरात तिचे नावच टकळी पडले होते. बाबांचे ऑफिस बघायचे म्हणून ती हौसेने आली. डॉक्टरांनी दंड बधिर करून त्वचा घेतली तेव्हाही तिचे बोलणे थांबले नाही. 'डॉक्टर, डाळीएवढीच घ्या हं, राजम्याएवढी नको,' असे म्हणून तिने डॉक्टरांनाच हसवले. उंच स्टुलावर बसून, पाय हलवत, तिने संमतीपत्र स्वतः भरले. त्यावर चार प्रश्न असतात. अर्जदाराने उत्तरे वाचली नाहीत, फक्त शेवटी सही आहे की नाही तेवढे पाहिले. परिचराने तेवढेच पाहायचे असते. नंतर टाकीचे झाकण उघडून पांढरा धूर दाखवला तेव्हा ती म्हणाली, 'म्हणजे बाबा, आता तुमची ऑफिसातही माझ्यापासून सुटका नाही.' हे वाक्य अर्जाशी संबंधित नाही हे अर्जदारास मान्य आहे.

६. शीतकक्षात नळीवर क्रमांक घालण्याची पद्धत अशी आहे : एकाने क्रमांक मोठ्याने म्हणायचा, समोरच्याने तो परत म्हणायचा, मग तो नळीवर आणि झाकणावर असा दोनदा लिहायचा, आणि लिहून होईपर्यंत दुसऱ्या नळीला हात लावायचा नाही. ही पद्धत अर्जदारानेच घालून दिली. लोक हसत, 'थंडोबांची शाळा भरली' म्हणत, पण सोळा वर्षांत अर्जदाराच्या हातून एक लेबल इकडचे तिकडे झालेले नाही. ज्या दिवशी नि-१४ च्या नळ्या बंद केल्या त्याच दिवशी आ-१४ च्याही केल्या. ('आ' म्हणजे आजारी. आ-१४ हे एक बसचालक होते.) समोर संशोधक विद्यार्थिनी बसली होती. अर्जदार म्हणाला, 'नि चौदा.' ती म्हणाली, 'नि चौदा.' आठ नळ्या भरल्या. त्यांतली एक चाचणीसाठी काढली, सात अजून टाकीत आहेत.

चाचणीत नि-१४ च्या पेशी विसाव्या तासाला तरंगल्या. पुन्हा चाचणी केली, पुन्हा तरंगल्या. तिसऱ्यांदा एकोणिसाव्या तासालाच.

७. तत्कालीन विभागप्रमुखांनी अर्जदारास खोलीत बोलावले. विभागप्रमुख वाईट माणूस नव्हते, याची कृपया नोंद घ्यावी. कोपऱ्यात ती विद्यार्थिनी रडून डोळे सुजवून बसली होती, कारण एक निरोगी नमुना आजाऱ्यासारखा वागला की तिची तीन वर्षांची मांडणी कोसळत होती. विभागप्रमुख हळू आवाजात म्हणाले, 'अहो थंडोबा, दोन्ही चौदा नंबर एकाच दिवशी हाताखाली होते. अदलाबदल झाली असेल. माणूसच आहे, होतं असं.'

अदलाबदल झालेली नव्हती. हे अर्जदारास त्या क्षणीही पक्के माहीत होते. शिवाय साधी गोष्ट आहे : नि-१४ आणि आ-१४ यांची खरोखर अदलाबदल झाली असती, तर आ-१४ च्या नळीतल्या पेशी छत्तीस तास टिकायला हव्या होत्या. त्याही बाविसाव्या तासाला तरंगल्या होत्या. अर्जदाराने आपल्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. बाटल्या धुणाऱ्याला जे कळले ते त्या खोलीतल्या शिकल्यासवरल्या माणसांना कळले नसेल, असे अर्जदारास वाटत नाही. पण ते बोलून दाखवले की मागे एकच अर्थ उरत होता, आणि तो तोंडातून काढण्याची कोणाची छाती झाली नाही.

टेबलावर दोन गोष्टी होत्या. एक, अर्जदार चुकला. दोन, अर्जदाराची मुलगी आजारी आहे. दोन्हींपैकी कुठलीही एक उचलायची मुभा होती. महोदय, आपणांसही मुलेबाळे असतील. मी पहिली उचलली.

(वरील वाक्यात 'मी' ऐवजी 'अर्जदाराने' असे वाचावे. खाडाखोड केलेला अर्ज परत येतो, म्हणून तसेच राहू दिले आहे.)

८. कबुलीजबाब चार ओळींचा आहे. 'सदर दिवशी माझे लक्ष नव्हते. नि-१४ व आ-१४ यांच्या नळ्यांची माझ्या हातून अदलाबदल झाली. ही सर्वस्वी माझी चूक आहे. यापुढे असे होणार नाही.' अक्षर सुरेख आले आहे. ज्ञापन मिळाले, सेवापुस्तकात 'निष्काळजीपणा' अशी नोंद झाली, नि-१४ वर 'अदलाबदल, निकामी' असा शिक्का बसला, विद्यार्थिनीची मांडणी वाचली. आणि अर्जदार घरी गेला तो असा हलका होऊन, की वाटेत त्याने गुणगुणल्याचे शेजाऱ्यांनी ऐकले. एकदा चुकलो असे लिहून दिल्यावर, आपण चुकलो होतो यावर हळूहळू विश्वासही बसू लागतो. बायको म्हणाली, 'मेमो मिळालेला माणूस असा हसतो का कुठे? डोकं ठिकाणावर आहे ना?' टकळी म्हणाली, 'आई, बाबांचा अखेर पहिला नंबर आला. निष्काळजीपणात!' त्या संध्याकाळी तिघेही पोट धरून हसले.

अर्जदार दुसऱ्या मजल्यावर राहतो. पुढचे वर्षभर मुलगी बाहेरून आली की अर्जदार काहीतरी निमित्त काढून खाली उभा राही आणि ती चढताना पायऱ्या मोजत असे. चौतीस आहेत. ती न थांबता वर जाई आणि वरून ओरडे, 'बाबा, दमलात का?' वर्षभराने मोजणे सुटले. सगळे ठीक चालले आहे असे वाटू लागले की कोणी मोजत बसत नाही.

९. साडेतीन वर्षांनी, लहान मुलांच्या शाळेतली नोकरी नुकतीच लागलेली असताना, ती बाविसाव्या पायरीवर बसली. अर्जदार त्या दिवशी खाली नव्हता. रुग्णालयातल्या मोठ्या डॉक्टरांनी कागद पाहिले आणि म्हणाले, 'तीनेक वर्षं आधी आला असतात तर औषधानं आवर घालता आला असता. पण आधी कळणार तरी कसं म्हणा!' बायको मान हलवत म्हणाली, 'हो ना, कसं कळणार?' अर्जदार भिंतीवरचा हात धुण्याचा तक्ता वाचत उभा राहिला. तो तक्ता आजही तोंडपाठ आहे.

पुढे सव्वा वर्ष रुग्णालय आणि घर अशा फेऱ्या झाल्या. एका दुपारी ती उशीला टेकून बसली होती. आवाज बारीक झाला होता पण टकळी चालूच होती. मधेच तिने विचारले, 'बाबा, तेव्हा माझ्या पेशी पास झाल्या होत्या ना? मग हे आलं कुठून?' अर्जदार म्हणाला, 'छत्तीस तास टिकल्या.' ती खूश झाली. म्हणाली, 'बघा, म्हणजे मी चिवट आहे. निघेन यातून.' हे अर्जदाराचे दुसरे खोटे. ते कुठल्याच दफ्तरी नसल्यामुळे येथे नोंदवून ठेवत आहे. चोविसावे पुरे व्हायला दोन महिने असताना ती गेली. त्याला आता चौदा महिने झाले.

१०. आता नळ्यांविषयी. विभागात दोन वर्षांपूर्वी नवीन शास्त्रज्ञ बाई आल्या. हा आजार अंगात असतो पण दिसत नसतो, त्या काळात औषध दिले तर तो थांबतो का, हे त्या शोधत आहेत. त्यासाठी त्यांना आजार दिसण्याच्या आधी घेतलेल्या पेशी हव्यात. आणि अशा कुठून मिळणार? आजार दिसल्याखेरीज कोणी कातडी द्यायला येत नाही. टाकी क्र. १ गळू लागली म्हणून ती रिकामी करायचे जानेवारीत ठरले, तेव्हा बाई यादी वाचत होत्या. नि-१४ पुढचा शिक्का पाहून त्यांनी विचारले, 'काका, ही काय भानगड आहे?' अर्जदाराने सांगितले. सहा वर्षांत पहिल्यांदा, उभ्या उभ्या, सगळे सांगितले. बाई खुर्चीत बसल्या आणि बराच वेळ पेनाचे टोपण लावत-काढत राहिल्या. मग म्हणाल्या, 'काका, आजाराच्या साडेतीन वर्षं आधीचा नमुना आहे हा. आपल्याकडे असा दुसरा नाही. माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे, पण हा नमुना तिचा नाही असं कागदावर आहे. आणि खाली सही तुमची आहे.'

११. त्यावर अर्जदाराने आस्थापना शाखेकडे एकामागून एक अर्ज केले. उत्तरे पुढीलप्रमाणे मिळाली. पहिले : ज्ञापनाविरुद्ध अपील साठ दिवसांत करावयाचे असते, मुदत टळलेली आहे. दुसरे : कबुलीजबाब हा आदेश नसून कर्मचाऱ्याचे निवेदन आहे, आणि निवेदनाविरुद्ध अपील करता येत नाही. अर्जदाराने मग विनंती केली की अर्जदाराचे व पत्नीचे रक्त घ्यावे, नळीतल्या पेशींशी ताडून पाहावे, आणि त्या कोणाच्या ते एकदाचे ठरवावे. हे काम विभागात दोन दिवसांचे आहे. त्यावर तिसरे उत्तर आले : नळीतील नमुन्याची ओळख पटवण्यासाठी नमुना देणाऱ्याची संमती आवश्यक आहे, नमुना कोणाचा हे ज्ञात नसल्याने संमती घेता येत नाही, संमती नसल्याने तो कोणाचा हे तपासता येत नाही. मुलीचे संमतीपत्र आहे, हे अर्जदाराने दाखवून दिले. तेव्हा कळले की ते संमतीपत्र 'नमुन्याविना कागद' या फायलीत ठेवलेले आहे, कारण दफ्तरी नोंदीप्रमाणे तिचा नमुना संस्थेत कधी आलेलाच नाही. म्हणजे एका फायलीत संमती आहे पण माणूस नाही, आणि टाकीत माणूस आहे पण संमती नाही.

वरिष्ठ लिपिक मनाने चांगले आहेत. त्यांनी चहा पाजून समजावले, 'थंडोबा, शिक्षा कधीच भोगून झाली. आता निर्दोष ठरून काय करणार? लोक चूक करून नाही म्हणतात, तुम्ही न करता हो म्हणालात. नियमात त्याचं कलमच नाही.' मग कागद पुढे ओढून त्यांनीच एक तोड सुचवली : चूक कबूल करण्यात चूक झाली, असे लिहून द्यावे. मात्र तसे लिहिल्यास तो दुसरा निष्काळजीपणा ठरेल आणि दुसरे ज्ञापन निघेल. अर्जदार दुसरे ज्ञापन घेण्यास आनंदाने तयार आहे. दोन नोंदींनंतर कर्मचाऱ्यास शीतकक्षात ठेवता येत नाही असाही नियम आहे म्हणे. तेही चालेल. बाटल्या धुणे अर्जदार विसरलेला नाही.

१२. हा अर्ज हाताने लिहिण्याचे कारण. टाकी रिकामी करण्याची सूचना आली त्या दिवशी अर्जदाराने पत्नीस सर्व सांगितले. ती चादरीची घडी घालत होती. तिने विचारले, 'म्हणजे त्या दिवशी हसत आला होतात, ते यासाठी?' अर्जदार हो म्हणाला. तिने ती घडी मोडली, परत घातली, परत मोडली. त्यानंतर ती अर्जदाराशी कामापुरतेच बोलते. 'पान वाढलंय.' 'कडी लावा.' तीस वर्षांच्या संसारात तिने असे कधी केले नव्हते. अर्जदार त्याबद्दल तिला बोल लावत नाही, आणि लावणार तरी कोणत्या तोंडाने? पाचव्या दिवशी ती एवढेच म्हणाली, 'तुमच्या अक्षरानं तिला बरी करून ठेवलीत ना? आता त्याच अक्षरानं खरं लिहा. मग बघू.' म्हणून हा अर्ज त्या अक्षरात आहे. अर्जदार अर्ज घेऊन येतो तेव्हा ती सोबत येते आणि खोली क्र. ९ बाहेरच्या बाकावर बसते. आत येत नाही. आपण जिन्यावरून जाताना डब्याची पिशवी मांडीवर घेतलेली बाई पाहिली असेल, ती हीच.

१३. ज्या विद्यार्थिनीसमोर नळ्या भरल्या त्या आता दुसऱ्या शहरात स्वतः शिकवतात. अर्जदाराने त्यांना पत्र टाकले होते. वाटले होते, उत्तर यायचे नाही. त्यांचे उत्तर आठ दिवसांत आले, सोबत जोडले आहे. त्या लिहितात की नि-१४ हा क्रमांक त्यांनी स्वतःच्या तोंडाने परत म्हटला होता, लेबल बरोबर होते, आणि हे त्यांना त्या खोलीतही माहीत होते. 'काका, तुम्ही हो म्हणालात आणि मला सुटल्यासारखं झालं. तुम्ही का हो म्हणालात हे मला कळलं होतं. मी गप्प बसले.' त्यांच्यावर कोणतीही कारवाई होऊ नये. त्या वेळी त्या पंचवीस वर्षांच्या होत्या आणि तीन रात्री झोपल्या नव्हत्या. निवृत्त विभागप्रमुखांकडे अर्जदार स्वतः जाऊन आला. त्यांनी दारातच हात धरला, आत नेले, पाणी दिले, आणि 'जाऊ द्या हो आता' असे तीनदा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. लेखी मात्र त्यांनी काही दिले नाही.

१४. येत्या सोमवारी सकाळी दहा वाजता टाकी क्र. १ मधील निकामी नमुने बाहेर काढून, नळ्या उघडून, जंतुनाशकाच्या बादलीत ओतून, यादीवर खूण करून सही करावयाची आहे. हे काम शीतकक्षाच्या परिचराचे आहे, म्हणजे अर्जदाराचे. सूचनेची प्रत अर्जदाराच्याच नावे आली आहे. काही हितचिंतकांनी सुचवले, की सात नळ्या तर आहेत, बोटाच्या पेराएवढ्या, हळूच दुसऱ्या टाकीत सरकवाव्यात, कोणाला कळतेय! अर्जदारास ते सहज जमेल. पण चोरून ठेवलेल्या नळीवर कोणी काम करत नाही, आणि अर्जदारास त्या जवळ बाळगायच्या नाहीत. त्या कामाला याव्यात अशी इच्छा आहे. अजून कोणाची तरी मुलगी कुठल्या तरी जिन्याने न थांबता वर जात असेल आणि तिच्या घरच्यांना काही माहीत नसेल.

१५. सबब विनंती खालीलप्रमाणे :

सोमवारची कार्यवाही नि-१४ पुरती थांबवावी. अर्जदाराचा कबुलीजबाब खोटा असल्याने तो परत घेऊ द्यावा, आणि त्याबद्दल जे ज्ञापन, जी शिक्षा, जी बदली नियमात बसेल ती अर्जदारास द्यावी. अर्जदारास निर्दोष ठरवू नये. 'निष्काळजीपणा' ही नोंद मात्र काढावी, कारण ती खरी नाही. लक्ष होते. हात स्थिर होता. अर्जदाराने सर्व काही पाहिले, समजून घेतले, आणि नंतर सही केली. याला नियमात काही वेगळा शब्द असल्यास तो लिहावा.

शेवटची विनंती अशी, की 'घरच्या यादी'त नि-१४ समोर आज 'व्यक्ती निरोगी. नळीतील नमुना तिचा नाही' असे लिहिलेले आहे. म्हणजे संस्थेच्या दफ्तरी अर्जदाराची मुलगी आजही ठणठणीत आहे. ते खोडून तिला आजारी म्हणून नोंदवावे. बापाने असा अर्ज करावा हे विचित्र दिसते याची जाणीव आहे. पण हे सहा वर्षांपूर्वी करायचे होते, आणि तेव्हा तिला त्याचा उपयोग झाला असता.

उत्तर शनिवारपर्यंत मिळाल्यास बरे होईल. सोमवारी दहा वाजता अर्जदार कामावर हजर असेल.

आपल्या संस्थेच्या तळमजल्यावरचा,
आपला नम्र,

(सही)
परिचर, शीतकक्ष क्र. २
दिनांक : ११ मार्च

सोबत जोडलेली कागदपत्रे :

१) ज्ञापनाची प्रत.
२) कबुलीजबाबाची प्रत. (अक्षर या अर्जाशी ताडून पाहावे.)
३) चाचणीच्या वहीतील दोन पाने : नि-१४ व आ-१४, दोन्हींच्या पेशी तरंगल्याच्या वेळा.
४) तत्कालीन विद्यार्थिनीचे पत्र.
५) रुग्णालयाचे कागद व मृत्यूचा दाखला.
६) अर्जदाराच्या पत्नीची रक्त देण्यास लेखी संमती. तिने ती बाकावर बसून स्वतः लिहिली आहे.
७) नि-१४ चे संमतीपत्र, 'नमुन्याविना कागद' या फायलीतून मिळालेली प्रत. अर्जदाराने ते गेल्या आठवड्यात पहिल्यांदा वाचले. अक्षर मुलीचे आहे. झेरॉक्स पुसट असल्याने मजकूर खाली उतरवून दिला आहे :

प्रश्न १. आपणांस कोणताही आजार आहे काय? — 'नाही. भूक फार लागते, तो आजार असेल तर आहे.'
प्रश्न २. हा नमुना आपण कोणाच्या दबावाखाली देत आहात काय? — 'हो, बाबांच्या. (गंमत केली. मीच मागे लागले होते.)'
प्रश्न ३. नमुना किती काळ जतन करावा? — 'टाकी फुटेपर्यंत.'
प्रश्न ४. नमुन्यात काही आढळल्यास कोणास कळवावे? — 'माझ्या बाबांना. ते तिथेच असतात.'